जाड रेडिएटर टाकला की गाडी थंड? मला तरी पटत नाही

लालपरी९९
मंडळी, वाद घालायलाच हा धागा काढलाय, त्यामुळे मोकळेपणी बोला. गाडी १९९९ ची माझदा मिआटा, १.८ इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही, कंपनीने दिलेले १४० हॉर्सपॉवर, त्यातले किती घोडे अजून जिवंत आहेत देव जाणे. फ्रिमॉन्टला रोज ऑफिसला हीच नेते, ट्रॅफिकमध्ये अडकते, एसी चालू असतो, काहीही होत नाही. पण भर उन्हाळ्यात थंडरहिलला, म्हणजे सॅक्रामेंटोच्या वर विलोज गावाजवळचा तीन मैलांचा ट्रॅक, चाळीस डिग्रीत नेली की थोड्या लॅपनंतर ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या रीडरवर, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ११० डिग्रीच्या पुढे जायला लागतं आणि मग पाय काढून हळूहळू पिटमध्ये.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, अ‍ॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर घे, ५३ मिमीवाला, विषय संपला. माझं म्हणणं असं की विषय तिथे सुरूही होत नाही. गाडी सिग्नलला तापत असेल तर पंखा बघायचा, वेगात तापत असेल तर हवा नाहीतर पाण्याचा फ्लो. माझी वेगात तापते. जॅकवर चढवून खालून बघितलं तर आधीच्या मालकाने इंजिनखालचा प्लास्टिकचा ट्रे काढून टाकलेला, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जातील एवढी फट, आणि वरच्या बाजूचं रबर गायब. बंपरच्या तोंडातून आत आलेली हवा कोअरच्या, म्हणजे रेडिएटरमधल्या नळ्यांच्या, बारीक जाळीतून कशाला घुसेल, तिला बाजूने हायवे मोकळा आहे की. आधी ट्रे आणि फोम, मग बाकीचं. ज्यांना हे चूक वाटतं त्यांनी कारण सांगा, 'सगळे तेच लावतात' हे कारण धरणार नाही.

गिअरबदल्या
ताई, ट्रे लावाच, त्यावर वाद नाही. पण रेडिएटर नको हे कुठून आलं? तुमच्या गाडीत कंपनीचाच असेल तर त्याच्या वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या आहेत, कोअरला नुसत्या पत्र्याने दाबून बसवलेल्या. पंचवीस वर्षं गरम-गार होऊन ते प्लास्टिक बिस्किटासारखं होतं. वरची टाकी काळी आहे का ते बघा, तपकिरी किंवा शेवाळी हिरवट झाली असेल तर ती आज ना उद्या फुटणारच, आणि फुटेल ती घरासमोर नाही, पाचव्या गिअरमध्ये. मग कुलंट गेलं, हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गास्केट गेलं, आणि तुम्ही फोमचे पैसे वाचवले म्हणून खूश. अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा, वेल्ड केलेल्या टाक्यांचा घ्या, तो निदान फुटत नाही. आणि घ्यायचाच तर पातळ कशाला घ्यायचा?

लालपरी९९
टाकी जुनी असेल तर बदलावी, हे मान्य. पण ते झालं जुनी वस्तू बदलणं. जाड घेतल्याने जास्त थंड होतं हा दावा वेगळा, तुम्ही दोन्ही एका पिशवीत घालताय.

बोरघाट_फियाट
तुम्ही तरुण मंडळी फार लांब गेलात. आमच्या काळी बोरघाटात फियाट नि अँबेसेडर बॉनेट उघडून रांगेने उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन शेजारी बिडी ओढत बसलेला. तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, गळला तर डाग मारून घ्यायचा, चोंदला तर टाकी उघडून सळई मारून आणायचा, परत दहा वर्षं बघायला नको. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं हे शाळेतलं पोरही सांगेल. आता सगळं वापरा नि फेका.

दुसरं, आमचे मिस्त्री सांगायचे की पाणी फार जोरात पळालं तर रेडिएटरमध्ये थांबतच नाही, मग थंड कसं होणार. म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून गाडी चालवू नये. तुमच्या ट्रॅकवर इंजिन सात हजारावर ओरडतं, पंप पण तसाच पळत असणार. तिथेच घोळ असेल.

उष्मागतिक
काका, नमस्कार. स्टुटगार्टहून लिहितोय, कामच कूलिंगचं आहे म्हणून राहवलं नाही.

तांब्याची वाहकता जास्त हे खरं, जवळपास दीडपट-पावणेदोनपट. पण रेडिएटरमध्ये खरी अडचण धातूतून उष्णता जाण्याची नसतेच, ती पत्र्यावरून हवेत जाण्याची असते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद आणि चपट्या करता येतात, फिन (नळ्यांमधले पातळ पत्रे) थेट भट्टीत ब्रेझ होतात, म्हणजे नळ्यांना जोडले जातात, मध्ये शिशाचा थर नाही, वजन निम्म्याच्या आसपास. म्हणून सगळं जग तिकडे गेलं.

पाणी थांबलं पाहिजे ही गोष्ट मात्र जगभरच्या गॅरेजमध्ये ऐकली आहे आणि ती चूक आहे. पाणी गोल फिरतंय. रेडिएटरमधून लवकर निघालं तर इंजिनमधूनही तितक्याच लवकर निघतं आणि परत लवकर येतं. फ्लो वाढला की कोअरचं सरासरी तापमान वाढतं, हवेला जास्त उष्णता जाते. थर्मोस्टॅट काढू नये हे मिस्त्रींचं बरोबरच आहे, पण कारण वेगळं: बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपास बंद होतो, तो काढला की गरम पाण्यातलं काही रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं.

आता जाडीबद्दल. पुढून आलेली गार हवा पहिल्या ओळीच्या नळ्यांनी खाल्ली की मागच्यांना कोमट हवा मिळते, पहिल्या पंगतीने जिलबी संपवल्यावर दुसरीला नुसता मठ्ठा. शिवाय जाड कोअर हवेला जास्त अडवतो. फटी असतील तर ती हवा बाजूने पळते, म्हणजे ताईंच्या आजच्या अवस्थेत ५३ मिमीचा टाकला तर बाजूने पळणारी हवा उलट वाढेल. पण डक्ट (हवेचा मार्ग) बाजूंनी नीट बंद केला की मग जाड कोअर फायदा देतो, कारण मग हवेला जायला दुसरी जागाच नाही. त्यामुळे ताई, तुमचा क्रम बरोबर, निष्कर्ष नाही.

लालपरी९९
निष्कर्ष मी काढलाच कुठे, मी क्रमावरच भांडतेय :)

गिअरबदल्या
जिलबीचं उदाहरण छान आहे पण पंगतीत उपाशी कोणी राहत नाही ना? चाळीस डिग्रीची हवा पुढून येऊन समजा पासष्ट-सत्तर होऊन मागच्या ओळीला लागली, कुलंट १०५ ला आहे, अजून पस्तीस-चाळीस डिग्रीचा फरक आहेच. म्हणजे मागची ओळ पण काम करतेच. आमच्या ग्रुपमध्ये ज्यांनी जाड टाकलाय ते सगळे उन्हाळ्यात बिनधास्त पळवतात.

उष्मागतिक
काम करते, पण निम्मंच. आणि त्या सगळ्यांनी रेडिएटर बसवताना बंपर काढला, जुने होज बदलले, नवीन कॅप लावली, कुलंट बदलून हवा नीट काढली, फोम पण चिकटवला असेल. श्रेय कुणाला द्यायचं ते सांगा.

चौथा_सिलिंडर
सगळे हवेवर भांडताय आणि पाणी कुठून जातंय ते कोणी बघतच नाही. मिआटाचं इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमधलं, तिथे ते आडवं बसायचं आणि गरम पाणी हेडच्या एका टोकातून बाहेर पडायचं, पंप दुसऱ्या टोकाला. मिआटात इंजिन उभं बसवलं तर ते टोक केबिनच्या भिंतीला टेकलं, जागा नाही, म्हणून थर्मोस्टॅट आणला पुढे. आता पाणी पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं. मागचा चौथा सिलिंडर बिचारा हीटरच्या होजमधून जेवढं फिरेल तेवढ्यावर. म्हणून लोक रिरूट करतात, थर्मोस्टॅट परत मागे नेतात नि तिथून लांब होज रेडिएटरला. रेडिएटर कितीही मोठा घ्या, जे पाणी चौथ्याला भेटलंच नाही ते थंड करून काय फायदा?

गिअरबदल्या
रिरूट टर्बोवाल्यांना. १४० हॉर्सपॉवरला एवढा कुटाणा? हीटरमागे हात घालून होज काढताना सालं निघतात हाताची.

चौथा_सिलिंडर
हाताची सालं परत येतात, हेड येत नाही.

शनिवारची_गाडी
माझ्याकडे पण मिआटाच आहे, तापमानाचा काटा कधीच मधून हलत नाही, ट्रॅकवर पण नाही. तुम्ही लोक आकडे बघून उगाच घाबरता असं वाटतं.

लालपरी९९
काटा हलत नाही कारण तो तसाच बनवलाय. बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मध्येच चिकटून बसतो म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वीस डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी लाव नि मग सांग.

बोरघाट_फियाट
बरं, उष्मागतिक साहेबांनी आमच्या मिस्त्रीला नापास केलं तरी एक उपाय ऐका, याला फिजिक्स लागत नाही. गाडी चांगली गरम करा, बंद करा, पंखा थांबू द्या, नाहीतर बोटं जातील, आणि पुढून कोअरवर चारी कोपऱ्यांत हात फिरवून बघा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात. हल्ली ती लाल ठिपक्याची थर्मामीटर बंदूक मिळते, तिने बघितलं तरी चालेल. चोंदलेला असेल तर तुमचा ट्रे आणि फोम सगळं व्यर्थ. आणि नळाचं पाणी घालू नका हो, आमच्याकडे बोअरच्या पाण्याने किती रेडिएटर मेले त्याची गणती नाही. झाकण गरम असताना उघडू नका हे सांगायची गरज नसावी.

उष्मागतिक
काका, ही टेस्ट लाख मोलाची, मी आमच्या पोरांना पण हीच करायला लावतो. डिस्टिल्ड पाण्याचं पण शंभर टक्के. एक भर घालतो: उन्हाळ्यात ट्रॅकसाठी ग्लायकॉल (कुलंटमधलं, पाणी गोठू न देणारं द्रव्य) कमी करून पाणी वाढवलं तर फुकटात थोडी कूलिंग मिळते, अर्धं-अर्धं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा साधारण एक षष्ठांश कमी उष्णता धरतं. गंज न धरणारं अ‍ॅडिटिव्ह मात्र हवंच. उकळायची काळजी कॅप घेते, ती जुनी असेल तर नवी लावा.

गिअरबदल्या
आणि ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्याची गाडी थेट मातीत, म्हणून बऱ्याच रेसमध्ये त्याला बंदीच असते. पण ताई, डिसेंबरात ताहोला स्कीइंगला जायच्या आधी परत कुलंट भरा, नुसतं पाणी गोठलं तर ब्लॉकच फुटेल, मग हा धागा परत वर काढावा लागेल.

लालपरी९९
आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आले. काकांची टेस्ट केली, गार पट्टा कुठेच नाही, सगळीकडे सारखं. टाकी बघितली. वरून काळीच वाटते पण कडेला, पत्रा दाबलाय तिथे, टॉर्च मारला तर शेवाळी रंग.

गिअरबदल्या
झालं मग! घ्या ऑर्डर द्या.

लालपरी९९
देतेय. कंपनीच्याच मापाचा, प्लास्टिक टाकीवाला, जपानी. सोबत ट्रे आणि फोम. टाकी दर दहा वर्षांनी बदलायची वस्तू आहे एवढं समजून घेतलं की बास. एसीचा कंडेन्सर पण पुढे आहे, त्यामागे जाड कोअर बसवून पंख्याचं शराऊड (भोवतीचं आवरण) कापायचं नाहीये मला.

गिअरबदल्या
३६ मिमीवाला शराऊड न कापता बसतो. पैशातही फार फरक नाही.

उष्मागतिक
खरं सांगायचं तर मी पण ३६ च घेतला असता.

लालपरी९९
दोघं एक झालात म्हणजे माझ्याविरुद्ध कट आहे. आधी ट्रे लावून त्याच उन्हात त्याच ट्रॅकवर जाऊन आकडे टाकते, नवीन रेडिएटर खोक्यातच ठेवते, पिटला येताना ट्रेलरवाल्याचा नंबर जवळ ठेवते.

चौथा_सिलिंडर
शेवाळी टाकीवर चाळीस डिग्रीत लॅप? आकडे नका टाकू, व्हिडिओ टाका.