मदत हवी आहे : कॉम्बी बॉयलरचं प्रेशर टिकत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. गेल्या वर्षी घेतलेल्या घरात आधीच्या मालकांनी बसवलेला गॅसचा कॉम्बी बॉयलर (नळाचं गरम पाणी आणि घराचं हीटिंग दोन्ही एकातच) आहे.

थंड असताना प्रेशरचा काटा १.२ बारवर असतो. हीटिंग लावलं की वीस मिनिटांत ३ ला टेकतो, बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून टपटप पाणी गळतं आणि सकाळी काटा ०.४ वर, रेडिएटर गार! फिलिंग लूपने (सिस्टिममध्ये नळाचं पाणी भरायची जोडणी) पुन्हा पाणी भरायचं, हे आता दिवसाआड चाललंय. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, पुण्याहून आलेली आई दोन स्वेटर घालून झोपते. फार जीव तुटतो.

गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदणी) असलेल्या इंजिनिअरने सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर फार चढलं की त्या नळीतून पाणी बाहेर सोडणारी झडप, बदलला. चार दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणतो, बॉयलरच बदला. मला वाटतं, एक्सपान्शन वेसलमधली (रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी असलेली टाकी) हवा गेली असावी. तापून फुगलेल्या पाण्याला जागाच नसेल तर काटा चढणारच. रेडिएटरच्या व्हॉल्व्हना टिश्यू लावून पाहिला, कोरडा निघाला, म्हणजे तिथे गळती दिसत नाही.

कुणाचं काम वेसलमध्ये नुसती हवा भरून भागलं का? की आतला पडदाच फाटलेला निघाला? बाहेरून दुसरं वेसल जोडून घेतलंय का कुणी? सारखं ताजं पाणी गेल्याने इनहिबिटर (पाण्यातलं गंजरोधक रसायन) पातळ होऊन रेडिएटर आतून गंजतील, ही धास्ती वेगळीच. त्यात मॅन्युअलमधली बेंचमार्क चेकलिस्ट (बॉयलर बसवताना काय काय केलं याची नोंद) कोरी आहे, म्हणजे बसवताना सिस्टिम धुतली होती की नाही, कळायला मार्ग नाही.

बॉयलरचं कव्हर मी स्वतः उघडणार नाही. इंजिनिअरला नेमकं काय तपासायला सांगू?