शब्दचर्चा : हिरड्यांच्या आजारातल्या ‘बायोफिल्म’ला काय म्हणावे?

प्रश्न : हिरड्यांच्या आजारावर रुग्णांसाठी मराठी पत्रक लिहिते आहे. ‘बायोफिल्म’साठी, म्हणजे दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थरासाठी, ‘जैवपटल’ वाचले, पण ते कानाला फारच कोरडे लागते. ‘किटण’ लिहिले तर चालेल?

– किटण नको. लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट मुरून थर दगडासारखा कडक झाला की त्याला आपण किटण म्हणतो. बायोफिल्म ही त्याआधीची मऊ, चिकट अवस्था. ती ब्रशने निघते, किटण निघत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर लोक किटणच घासत बसतील.

– मग ‘पापुद्रा’?

– पापुद्रा मी दुसऱ्याच गोष्टीसाठी राखून ठेवेन. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा अतिपातळ लेप दातावर बसतो, त्याला हा शब्द शोभतो. त्यात अजून जिवाणू नसतात. ते नंतर येऊन चिकटतात : आधी बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस जातीचे, मग फ्युसोबॅक्टेरियम, जे आधीच्यांना आणि नंतरच्यांना जोडणारा दुवा ठरते, आणि हिरडीखाली, जिथे ऑक्सिजन कमी, तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे. सगळे मिळून शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचे चिकट द्रव्य स्रवतात व त्यातच राहतात.

– म्हणजे ‘जिवाणूंची वसाहत’ म्हणा की!

– वसाहत हा शब्द प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांसाठी आधीच रुळलाय. माझे मत : ‘बायोफिल्म’ तसेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘जिवाणूंचा चिकट थर’ असा खुलासा करा. खरे तर नामापेक्षा क्रियापद जपा. ‘जंतू मारणारे औषध’ असे लिहिलेत की वाचणारा चूळ भरून मोकळा होतो. पण नुसत्या चुळीने भागत नाही. 1680च्या दशकात डच संशोधक लेव्हेनहूकने दातांवरचा पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्हिनेगरने चूळ भरल्यावरही त्यातले जीव वळवळतच होते. तोच मळ काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तेव्हा मात्र मेले. त्याने काढलेला निष्कर्ष असा की व्हिनेगर बाहेरच्यांनाच मारते, आत शिरत नाही. आजही अडचण तीच : चिकट द्रव्य औषध अडवते, आतले काही जिवाणू सुस्त असतात, आणि सुस्त जिवाणूवर प्रतिजैविकाचा जोर चालत नाही.

म्हणून ‘मोडणे’, ‘खरवडणे’, ‘काढणे’ ही क्रियापदे वापरा. उपचारही त्याच क्रमाने येतात : रोज ब्रश आणि दातांच्या फटींची सफाई, दवाखान्यात स्केलिंग (किटण खरवडून काढणे), गरज पडल्यास मुळांची सफाई. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चूळ ही जोडीला, थोड्या दिवसांपुरती. जास्त वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात. प्रतिजैविके निवडक रुग्णांनाच, तीही थर मोडल्यानंतर.

– आणि ‘पॉकेट’? ‘खिसा’ लिहिताना हसू येते.

– ‘हिरडी आणि दात यांमधली खोल फट’ लिहा. निरोगी हिरडीत ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून खोल गेली की ब्रशचे केस तळापर्यंत पोहोचत नाहीत, हेही तिथेच एका वाक्यात टाका.