घरी आर्केड यंत्र बांधायचे आहे: जॉयस्टिक आणि बटणे संगणकाला कशी जोडावीत?

गोदाकाठ:
नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीचा एक कोपरा रिकामा आहे. तेथे दोघांना उभ्याने खेळता येईल असे आर्केड यंत्र (नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची उभी पेटी) बांधण्याचा विचार आहे. जुना संगणक आणि १९ इंची मॉनिटर घरात पडून आहेत, त्यावर ‘मेम’ हा जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि आमचे देवघर करून दिलेले सुतारकाका १८ मिलिमीटर प्लायची पेटी करून द्यायला तयार आहेत. घोडे अडले आहे ते नियंत्रणांपाशी. एक मित्र म्हणतो की जुना कीबोर्ड उघडून त्याच्या सर्किटलाच तारा जोडाव्यात. दुसऱ्याच्या मते यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांचे दाब संगणकाला कळवणारी सर्किटची पाटी, घ्यावा. मुलीला ‘पॅक-मॅन’ खेळायचे आहे आणि मला ‘स्ट्रीट फायटर २’. काय करावे?

सुतारपक्षी:
कीबोर्ड उघडण्याच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. साध्या कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी तीन-चार बटणे दाबली की काही दाब नोंदलेच जात नाहीत किंवा न दाबलेलीच कळ उमटते. एन्कोडरवर प्रत्येक बटणासाठी वेगळी जागा असल्याने ही अडचण येत नाही.

एन्कोडरही दोन प्रकारचे असतात. स्वस्त पाटी संगणकाला गेमपॅड म्हणून दिसते आणि प्रत्येक खेळाडूसाठी एक लागते. दोन्ही अगदी सारख्या असल्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावर कधीकधी पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. ‘आय-पॅक २’सारखी पाटी मात्र कीबोर्ड म्हणून दिसते, दोन्ही खेळाडू एकाच पाटीवर येतात आणि तिच्या मूळ कळा ‘मेम’च्या मूळ कळांशी जुळवलेल्या असतात: नाणे टाकण्यासाठी ५, खेळ सुरू करण्यासाठी १. दोघांसाठी बांधणार असाल तर माझे मत दुसऱ्या प्रकाराला.

जोडणी करताना मायक्रोस्विचचे (बटणाच्या आणि दांडीच्या खालच्या छोट्या स्विचचे) ‘सीओएम’ (सामाईक) आणि ‘एनओ’ (दाबल्यावरच जुळणारा) हेच पाय वापरावेत, कारण ‘एनसी’ला (न दाबता जुळलेल्या पायाला) तार लागली तर बटण कायम दाबलेलेच राहते. जॉयस्टिकची दांडी वर ढकलली की खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो, हेही ध्यानात ठेवा. माझी पहिली संध्याकाळ दिशा उलट का जातात हे शोधण्यातच गेली.

जुनेनाणे:
‘पॅक-मॅन’ १९८० चा, चार दिशांचा खेळ आहे. ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ चा, आठ दिशांचा आणि सहा बटणांचा. आठ दिशांच्या दांडीवर ‘पॅक-मॅन’ वळणावर अडखळतो, म्हणून जिची खालची चौकट फिरवून चार आणि आठ दिशांत बदल करता येतो अशीच जॉयस्टिक घ्या.

प्लायविषयीही सांगतो. १८ मिलिमीटर फळीतून दांडी फारच कमी वर येते, तेव्हा जॉयस्टिक बसते तेथे फळी खालून राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) खोल करून घ्यावी. खटक्याने बसणारी बटणे इतक्या जाड लाकडात अडकत नाहीत. आट्यांची, मागून नट लावण्याची घ्या. सुतारकाकांना जमणार नसेल, तर अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) राउटरचे काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. पेटीसाठी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मात्र नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात खालची कड ओल्या फरशीला लागली की ते फुगते.

गोदाकाठ:
मनापासून आभार. तर मग पेटी आधी करून घ्यावी की पाटी आधी मागवावी?

सुतारपक्षी:
पाटी, दोन जॉयस्टिक आणि बटणे आधी आणा. पुठ्ठ्याच्या खोक्याला ३० मिलिमीटरची भोके पाडून सगळे त्यात बसवा आणि तुम्ही व मुलगी मिळून आठवडाभर खेळा. मनगट कोठे टेकते आणि दोघांचे कोपर एकमेकांना लागतात का, हे तेथेच कळेल. मग तोच पुठ्ठा मापासाठी काकांच्या हाती द्या. नियंत्रणांची फळी जमिनीपासून साधारण ९० ते ९५ सेंटिमीटरवर ठेवतात. मुलीसाठी पाट लागेल.