वारीत फोड धुवायला सहा सह्या?

थर्डमायनरचा_थकलेला:
सासवडला माउलींच्या पालखीचे दोन मुक्काम असतात. तिथं एक दिवस बसायचं, असं आम्ही एमबीबीएस तिसऱ्या वर्षाच्या (थर्ड मायनर) चौदा जणांनी ठरवलं. पायाचे फोड धुऊन पट्टी बांधणं, ओआरएस देणं, बीपी मोजणं. एवढंच. ऑफिसनं सांगितलं, अर्ज 'योग्य मार्गे' पाठवा. म्हणजे विद्यार्थी परिषदेचे सल्लागार, पीएसएमचे (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) एचओडी, दोन्ही वॉर्डन, उपअधिष्ठाता आणि शेवटी डीन. एचओडी रजेवर. वॉर्डन मॅडमना मुलींच्या पालकांची संमतिपत्रं हवी होती (मुलांच्या पालकांची कुणालाच नको होती). आवक-जावकच्या टेबलावर अर्ज पाच दिवस झोपला. पत्र हातात आलं तेव्हा माउली लोणंदला पोचली होती.

पत्रातली शेवटची ओळ: हजेरीत सवलत नाही आणि काही घडल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही. मग परवानगी दिली ती कशाची? गॅदरिंगचा अर्ज मात्र दोन दिवसांत फिरून आला. प्रमुख पाहुणे ठरलेले होते ना!

जुनी_पीएसएमवाली:
अशा अर्जांवर मी बावीस वर्षं सह्या केल्या आणि काही अडवलेही. त्याची मला लाज वाटत नाही. 'एवढंच' म्हणतोस. एखाद्या आजोबांचं बीपी १९०/११० आलं की काय करशील? अंगात ॲप्रन असला की वारकऱ्याच्या लेखी तू डॉक्टरच. तो म्हणणार, 'गोळी द्या डॉक्टर.' एका शिबिरात आमच्या मुलांनी गुडघे दुखणाऱ्या आजींना वेदनाशामक गोळ्यांची अख्खी पट्टी दिली. आजींची किडनी आधीच अधू होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कॉलेजच्या दारात. निभावलं, पण त्या रात्री मी झोपले नाही. नोंदणी नसताना उपचार केले तर २०१९च्या एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कायदा तुमची सेवावृत्ती बघत नाही.

थर्डमायनरचा_थकलेला:
मॅडम, औषधं वाटणार नाही असं अर्जात लिहिलं होतं. सोबत येणाऱ्या दोन असिस्टंट प्रोफेसरांची नावंही होती. सहापैकी एकानंही विचारलं नाही, की बीपी जास्त आलं तर पेशंट पाठवणार कुठं. सगळ्यांचा प्रश्न एकच: आधीची सही झाली का? तुम्ही विचारलंत तसं कुणी विचारून नकार दिला असता, तर मी हा धागा काढलाच नसता.

लेकीचा_बाप:
माझी मुलगी सेकंड इयरला आहे. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. कमी पडली की रडत फोन मला येतो, वारकऱ्यांना नाही. वाटेवर सरकारी आरोग्य पथकं असतात, रुग्णवाहिका असतात. तुमचे चौदा जण गेले नाहीत तर कुणाचं काय अडणार होतं? आधी पास व्हा. सेवेला जन्म पडलाय.

वर्ध्याकडचा:
काका, अडतं ते शिकणाऱ्याचं. मी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला होतो. पहिल्या वर्षी गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवस, नंतर बॅचनं घेतलेल्या गावात पंधरा दिवसांचं शिबिर. ते अभ्यासाचाच भाग होतं, त्यामुळे परवानगी मागायची वेळच आली नाही. आता एनएमसीनं सगळीकडे कुटुंब दत्तक योजना आणलीय, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यानं काही कुटुंबांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. कागदावर सेवा सक्तीची आणि स्वतःहून जायचं म्हटलं की सहा सह्या, हे मला तरी अजब वाटतं.

लेकीचा_बाप:
दत्तक योजनेचं नका सांगू. त्यात पोरं फॉर्म भरतात आणि घरचे लोक 'परत आले' म्हणून दार लावतात. सक्तीची सेवा अशीच असणार.

जुनी_पीएसएमवाली:
या बाबतीत काकांशी सहमत. मूळ मुद्द्यावर: अर्ज परिषदेकडून टाकलात तिथंच चुकलात. तो पीएसएम विभागाचा उपक्रम म्हणून जायला हवा. सासवडच्या ग्रामीण रुग्णालयाला दोन महिने आधी भेटा, त्यांच्या पथकाला मदतनीस म्हणून जा. मग बीपीचा पेशंट कुठं पाठवायचा हे आपोआप ठरतं आणि सह्याही कमी होतात.

थर्डमायनरचा_थकलेला:
पण मग ते आमचं राहत नाही, मॅडम. बॅनर विभागाचा, फोटो एचओडींचा, आम्ही बादल्या उचलायला.

जुनी_पीएसएमवाली:
फोड धुवायला निघाला होतास ना? बादली उचलावीच लागते.

थर्डमायनरचा_थकलेला:
बरं, हरलो. पण हजेरीचं पटलेलं नाही. पुढच्या वर्षी आमची फायनल, म्हणून ज्युनियरना अर्जाचा मसुदा करून देतोय. त्यात ग्रामीण रुग्णालयाचं पत्र असेल आणि संमतिपत्रं मुलांच्या पालकांचीही.

जुनी_पीएसएमवाली:
ती नक्की जोडा. त्यावर वॉर्डन काय म्हणतात ते इथं कळव.