बेळगावचा गोड कुंदा खाल्ला म्हणून रात्रीचं जेवण तोडायचं का?

गणपती, दसरा, मग लग्नसराई. पानावर बसलं की मनात खातेवही उघडते: ‘आज पाप केलं, उद्या उपास.’ या धाग्यावर आपापली कहाणी नको. ज्याचा उपयोग होतो तेवढं नेमकं लिहा, वर आपल्या गावाचं किंवा भागाचं नाव टाकून.

टिळकवाडी
पंगतीच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहू नका. मीठ आणि भात जास्त झालेला असतो. शरीर पिष्टाचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागं साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून काटा किलोभर चढतो, नि दोन-तीन दिवसांत उतरतो. किलोभर चरबी साठायला गरजेपेक्षा वर सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. म्हणजे जेवणावर आणखी किलोभराहून जास्त कुंदा. एवढा कोण खातंय?

निपाणी
नाष्टा तोडला, दुपारी अर्धीच भाकरी, आणि सहाला चिवड्याचा डबा रिकामा. याला लोक ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणतात. ती निव्वळ भूक असते. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दिवसभर अन्नाशिवाय काही सुचेना, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पोटभर मिळायला लागल्यावरही बरेच जण कितीतरी दिवस आवरेनासं खात होते.

म्हणून दर तीन-चार तासांनी खायचं. दुपारी ज्वारीच्या दीड-दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, भाजी, शेंगाचटणी, ताक. साडेचारला मूठभर फुटाणे. इथं एक चूक हमखास होते: ‘हलकं’ म्हणून उसळ वगळतात, नुसत्या चटणी-भाकरीवर भागवतात आणि पाचला परत भूक लागते. कुंदा खायचा तर जेवणानंतर, वाटीत काढून, बसून. फ्रिजपुढं उभ्यानं घाईत खाल्लेल्याची चवच लागत नाही, मग आणखी एक चमचा.

खानापूर
मनातला टोमणा वहीत जसाच्या तसा उतरवा: ‘मी हावरी आहे.’ त्याखाली फक्त घडलेलं लिहा: ‘दुपारी जेवले नव्हते, सहाला चार भजी खाल्ली.’ दोन ओळी, बस्स. टोमणा कन्नडात ऐकू येत असेल तर कन्नडातच लिहा. भाषा बदलली की त्याची धार कळत नाही. ‘मी किती छान आहे’ असलं काही लिहू नका, मनाला ते पटत नाही. कॅलरीही नकोत, नाहीतर ही वहीच नवी खातेवही होते.

चिकोडी
आपल्याकडं खाल्लं तरी पाप आणि टाकलं तरी पाप! म्हणून वाढतानाच सांगायचं, ‘मावशी, अर्धीच पोळी वाढा की ओ.’ आणि ‘सुटलीस गं’ ला उत्तर: ‘ते राहू दे काकू, पोरं काय म्हणतात?’

शहापूर
शुगरवाल्यांसाठी वेगळं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना गोड खाल्लं म्हणून पुढचं जेवण तोडणं धोक्याचं. घाम, थरथर, किंवा मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. तिथं ‘साखर म्हणजे विष’ आठवत बसू नका. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

वडगाव
खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, आठवड्यातून एकदा तरी चोरून, थांबता न येण्याइतकं खाणं, पाळी बंद होणं: यातलं एक जरी असेल तर वहीवर भागवू नका. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वजन नेहमीएवढंच दिसत असलं तरी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, भाषा निवडता येते. घरच्यांना न सांगताही फोन करता येतो.