व्हेप सोडताना तलफ येते तेव्हा नेमकं काय होतं? तुमचे अनुभव लिहा

मी इंदूरचा, लोकमान्यनगरात राहतो. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सोडून 5 महिने झाले. 2019 पासून देशात विक्रीला बंदी आहे, तरी मला ती सहज मिळत होती. पहिले तीन दिवस फार जड गेले. पुढे शरीर निवळलं, पण हात खिशाकडे जायचा थांबेना. सिगारेट निदान संपते, विझवावी लागते. व्हेपला शेवटच नाही, त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणायची सवयच मला लागली नव्हती. तुमचं कसं झालं? मोकळेपणाने सांगा.

सुदामानगर, वय 26
दादा, माझी तलफ सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, दबा धरून बसली होती. गराडूचा कंद तळून होईपर्यंतची दहा मिनिटं म्हणजे व्हेप, हे ठरलेलं. सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेलो. दिवसभर आठवणही नव्हती. कढईचा वास आला, गरम फोडींवर मसाला भुरभुरताना दिसला आणि तोंडाला पाणी सुटावं तशी तलफ उसळली. मेंदूने ती जागा, तो वास निकोटीनशी जोडून ठेवला होता. मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. चार मिनिटांत ओसरली. प्लेट मात्र दोन्ही हातांनी धरली होती, घट्ट.

भंवरकुआँ, स्पर्धा परीक्षेची तयारी
मला वाटायचं, व्हेपमुळे अभ्यासात मन शांत राहतं. खरं तर रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि ते उतरताना जीव कासावीस होतो. पुढचा झुरका तेवढीच कासाविशी भागवायचा. हे कळूनही परीक्षेच्या आदल्या रात्री ओढली. खूप रडले.

राजेंद्रनगर, एक आई
पोरी, एका रात्रीने आधीचे दिवस पुसले जात नाहीत गं. माझा मुलगाही दोनदा घसरला. रात्री दोनला उठून शेवेचे डबे उघडायचा आणि मी ओरडायचे. निकोटीन सुटलं की भूक वाढते, झोप उडते, हे मला कुठे ठाऊक होतं! शेवटी त्यानेच 1800-11-2356 या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला. मी शेजारी बसून होते. आता झोपण्याआधी ओट्यावर भाजलेली बडीशेप आणि पाण्याचा तांब्या ठेवते. सकाळी वाटी रिकामी असते.