कर्नलमधला प्रत्येक ओव्हरफ्लो बग मानायचा का?

टाइमरवाला
काल बिटबिट यांनी लिहिलं की लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) आकडा उलटला, म्हणजे मर्यादा ओलांडून दुसऱ्या टोकाला गेला (ओव्हरफ्लो), की तिथेच ट्रॅप करणारा, म्हणजे काम थांबवणारा सॅनिटायझर (चूक पकडणारी तपासणी) सरसकट लावा, आणि २०२४ मध्ये याला विरोध करणारे लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स हटवादी आहेत. हे वाचून राहवलं नाही. अनसाइन्ड (उणं न होणारा) आकडा उलटणं ही सी भाषेने दिलेली हमी आहे. टीसीपीचे (नेटवर्कवरून डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे) सिक्वेन्स नंबर उलटतात, हॅश उलटतात. जिफीज (कर्नलचा वेळ मोजणारा काउंटर) तर शून्याच्या ५ मिनिटं अलीकडून सुरू करतात, म्हणजे कच्चा ड्रायव्हर बूटनंतर लगेच उघडा पडावा.

आमच्या ३२ बिटी बोर्डवर तेच झालं. पाचव्या मिनिटाला मोटर कंट्रोलर खोटा टाइमआउट द्यायचा. आठवडाभर केबली बदलल्या. शेवटी ड्रायव्हरमध्ये 'जिफीज > मुदत' अशी सरळ तुलना सापडली. टाइम_आफ्टर (वेळांची तुलना करणारा कर्नलचा मॅक्रो) घातलं, मिटलं. तो मॅक्रो वजाबाकी उलटते म्हणूनच चालतो. तुमचा सॅनिटायझर पहिल्यांदा त्यालाच धरणार.

बिटबिट
तुमची मोटर थांबली, कुणी रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळवलं नाही. सीव्हीई-२०२२-०१८५ या कर्नलच्या सुरक्षा-त्रुटीमध्ये मिळवता येत होतं, आणि तिथे तपासणी होती! नव्या डेटाची लांबी 'पेजसाइझ (४०९६) वजा २ वजा साइझ (आधी भरलेला भाग)' याहून मोठी नको, अशी. साइझ ४०९५ झाला की ४०९६ - २ - ४०९५ म्हणजे उणे १, म्हणजे अनसाइन्डमध्ये अवाढव्य आकडा. मग काहीही आत जातं. दुरुस्तीत वजाबाकीच्या जागी बेरीज आली, बस. कर्नल ५.१ पासून ती ओळ सगळ्यांसमोर होती.

टीसीपीतला सॅक पॅनिक हा बगही तसाच. १७ तुकडे, प्रत्येकी ३२ केबी, भागिले ८ बाइट: ६९,६३२. फील्ड १६ बिटी, मावतात ६५,५३५. २.६.२९ पासून २०१९ पर्यंत कुणाच्या डोळ्यांना दिसलं?

मास्तरीण
रोग कॉलेजातला आहे. २००९ ला डिप्लोमाला टर्बो सीत (जुन्या सी कंपायलरमध्ये) २०० गुणिले २०० केलं, -२५५३६ आलं. सरांना विचारलं तर म्हणाले, "लाँग वापर." का, ते नाही सांगितलं. आज शिकवताना मी पहिला तास त्या उण्यावरच घेते.

रात्रपाळी
टर्बो सीला उगाच शिव्या नकोत. १६ बिटी इंट (पूर्णांक) होता म्हणून ते उणं निदान दिसलं तरी. आताच्या पोरांना कळणार कुठून?

मास्तरीण
दिसून काय उपयोग? आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी कॉम्प्युटर बिघडला समजून रीस्टार्ट केला! तोंडी परीक्षेत मला तेच विचारलं आणि माझे मार्क गेले. तुम्हाला चांगले सर लाभले असतील, आम्हाला नाही.

रात्रपाळी
मला सर नव्हतेच. वहीत सोळा चौकोन आखून बाकी काढत बसलो. स्वतः आखल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हेच म्हणतोय.

मास्तरीण
सोळा चौकोनांचं पटलं. उद्या वर्गात करून घेते. बाकीचं नाही पटलं.

टाइमरवाला
टर्बो सीचा धागा वेगळा काढा हो.
बिटबिट, ४०९५ वर माझ्याकडे उत्तर नाही. पण सॅक पॅनिकमध्ये नुकसान काय होतं? दुरून पाठवलेल्या पॅकेटांनी मशीन पडायचं. ट्रॅप लावला तरी पडणारच! त्यापेक्षा मेमरी मागताना स्ट्रक्ट_साइझ (किती बाइट हवे ते काढणारा मॅक्रो) वापरा. गुणाकार उलटणार असेल तर तो कमाल आकड्यावर अडकतो, केमॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) नल, म्हणजे 'मेमरी नाही' असं उत्तर देतो, आणि मशीन चालू राहतं.

बिटबिट
रेफकाउंट_टी (ऑब्जेक्ट किती जण वापरतात ते मोजणारा काउंटर) सुद्धा असाच टोकाला अडकतो. थोडी मेमरी गळते, पण वापरात असलेला ऑब्जेक्ट फ्री होत नाही. २०१६ ला कीरिंगचा (कर्नलमधल्या किल्ल्यांच्या साठ्याचा) ३२ बिटी काउंटर उलटवूनच रूट मिळवून दाखवलं होतं, त्यानंतर २०१७ ला हे आलं. ठीक आहे, सरसकट ट्रॅपचा हट्ट सोडतो. पण जिथे उलटणं हवंय तिथे लिहिणाऱ्याने तशी खूण करावी. वाचणाऱ्याने ओळखायचं, हे मला मान्य नाही.

टाइमरवाला
टाइमरच्या फाइलींपुरती खूण करायला मी तयार आहे. नेटवर्कवाल्यांना तुम्ही तयार करा.